फोन आपला, पैसे आपले, मग कुलूप कोणाचं?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर संध्याकाळी वाचा, पण वाचा. यात एक चूक माझी स्वतःची आहे आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

परवा आपल्या तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होता. 'सिमकार्डाखाली चिप लावून परदेशी मोबाइल चालू करून देणाऱ्या टोळीपासून सावधान. असा फोन वापरणाऱ्यालाही तीन वर्षं जेल.' खाली नेहमीप्रमाणे जोडलेले हात, रागावलेले चेहरे. एकानं लिहिलं, 'असल्यांची भर चौकात धिंड काढा.' ग्रुपमध्ये दोन वकील, पाच-सहा शिक्षक आणि आम्ही तीन पत्रकार आहोत. ही चिप नेमकं करते काय, हे एकानंही विचारलं नाही.

मीही विचारलं नाही. कारण मला ठाऊक होतं. आणि ज्या कारणानं ठाऊक होतं, ते कारण सांगायची लाज वाटत होती.

२०१२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एसटी स्टँडसमोर एका पोराचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे सहा बाय आठची टपरी, एक सोल्डरिंग गन, एक भिंगाचा दिवा. आयटीआय झालेला, हात चांगला. गावातल्या एका गृहस्थांच्या जावयानं अमेरिकेतून महागडा फोन आणला होता. इथलं सिम टाकलं की फोन म्हणायचा, हे सिम चालणार नाही. पोरानं मुंबईहून एक कागदासारखी पातळ चिप मागवली, सिमला चिकटवली आणि फोन चालू करून दिला. सहा-सात आठवडे चालला. मग कंपनीचं अपडेट आलं, नेटवर्क गेलं. गृहस्थ तडक पोलिसांत गेले. पोलिसांनी पोराला उचललं. संध्याकाळी प्रेसनोट हातात आली: 'परदेशी मोबाइल हॅक करणारा जेरबंद.'

ती बातमी मी लावली. चार कॉलम. फोटोसकट. दुकानाचं नाव, पोराचं आडनाव, सगळं. 'सायबर गुन्हेगारीचे जाळे ग्रामीण भागातही' ही ओळ प्रेसनोटमध्ये नव्हती, ती माझ्या डोक्यातून आलेली. डिप्लोमाला असताना सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, आधी खात्री मग मथळा. त्या संध्याकाळी पान सोडायची घाई होती.

पुढं काय झालं? काहीही नाही. गुन्हा उभाच राहिला नाही. तिसऱ्या दिवशी पोराला सोडलं. पण जागामालकानं महिन्याभरात टपरी खाली करून घेतली. 'हॅकर'कडं फोन द्यायला कोण येणार? सुटल्याची बातमी मी दिली नाही. तशी बातमी कोणीच देत नाही.

मागच्या दिवाळीत तो भेटला. चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. बोलला चांगलं, चहा पाजला. उठताना एवढंच म्हणाला, "दादा, मी कुलूप उघडलं होतं. ते पण ज्याचा फोन होता त्याच्याच सांगण्यावरनं. चोरी कुठं केली होती?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. गड्या, तू चोरी केली नव्हतीस.

आता हे कुलूप काय असतं ते साध्या भाषेत सांगतो. तांत्रिक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

प्रत्येक सिममध्ये पंधरा आकड्यांपर्यंतचा एक ओळख क्रमांक असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. हा तुमचा मोबाइल नंबर नव्हे. तो तुम्हाला दिसत नाही, पण नेटवर्क तुम्हाला त्यानंच ओळखतं. पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० च्या पुढचे. त्यानंतरचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे. म्हणजे पहिले पाच-सहा आकडे वाचले की हे गिऱ्हाईक कोणत्या देशातलं, कोणत्या कंपनीचं, ते कळतं.

कंपनीनं विकलेल्या 'लॉक' फोनमध्ये एक वॉचमन बसवलेला असतो. सिम टाकलं की तो हे पहिले आकडे वाचतो. मालकाच्या कंपनीचे असतील तर आत, नसतील तर बाहेर. बस, एवढंच ते कुलूप. इथल्या टॉवरला ४०४ वाला पाहुणा हवा असतो, सिमही ४०४ वालं असतं, दोघांचं एकमेकांशी काही भांडण नाही. मधला वॉचमन तेवढा अडवून धरतो.

चिप करते ती वॉचमनच्या डोळ्यात धूळफेक. सिम आणि फोन यांच्या मध्ये ती बसते. वॉचमन आकडे विचारतो तेव्हा ती त्याच्या मालक कंपनीचे आकडे सांगते. तो खूश होऊन दार उघडतो. मग नेटवर्कमध्ये लॉगइन व्हायची वेळ आली की चिप बाजूला होते आणि सिमचा खरा क्रमांक पुढं करते. सगळा खेळ या दोन क्षणांच्या मधला.

आता नीट लक्ष द्या. आमच्यासारखे बातमीदार इथंच घसरतात. टॉवरला फसवलं का? नाही. टॉवरला खराच क्रमांक मिळतो. शिवाय सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, ती सिमच्या बाहेर कधीच येत नाही. नेटवर्क दरवेळी एक नवा आकडा पाठवतं, सिम आपल्या किल्लीनं त्याचं उत्तर काढतं, कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या उत्तराशी ते जुळलं तरच प्रवेश. नुसते आकडे बदलून दुसऱ्याच्या नावावर फुकट बोलता येत नाही. त्या जावयाचं बिल त्याच्याच सिमवर येत होतं आणि तो ते भरत होता. इथल्या कंपनीला उलट एक गिऱ्हाईक जास्त मिळालं.

मग फसलं कोण? फोनच्या आत बसवलेला वॉचमन. आणि तो फोन कोणाचा? ज्यानं पैसे मोजले त्याचा.

इथं हमखास एक जण म्हणतो, "साहेब, कंपनीनं सवलतीत फोन दिला होता, मग कुलूप लावलं तर बिघडलं कुठं?"

प्रश्न रास्त आहे. पण सवलतीची वसुली करारानं होते. अर्धवट सोडलंत तर दंड भरा, हप्ता राहिला तर हप्ता भरा, नाही भरलात तर कोर्टात या. हे सगळे हक्क कंपनीकडं असतातच. कुलूप त्याच्या वरचं. ते सवलतीसाठी असतं, ही समजूत किती खरी आहे ते जरा इतिहासात बघा.

२९ जून २००७ ला अमेरिकेत पहिला आयफोन आला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. चालणार फक्त एटी अँड टीवर, दोन वर्षांच्या करारासह. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या १७ वर्षांच्या पोरानं फोन खोलून, सोल्डरिंग करून ते कुलूप काढलं. त्याच सुमाराला चेक प्रजासत्ताकातल्या ब्लाडॉक्स कंपनीची 'टर्बो सिम' नावाची पातळ चिप लोक याच कामाला वापरायला लागले. ती चिप बनवली होती सिमवर छोटे प्रोग्राम चालवण्यासाठी. आकडे बदलून सांगायची युक्ती तिच्यावर नंतर बसवली गेली. स्टँडसमोरच्या टपरीत आलेली चिप तिच्याच पुढच्या पिढ्यांतली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत टी-मोबाइलनं आयफोन आणला, ३९९ युरोला, दोन वर्षांच्या करारासह. व्होडाफोन कोर्टात गेली. कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशामुळं टी-मोबाइलला काही दिवस बिनकुलपाचा फोन विकावा लागला. किंमत ठेवली ९९९ युरो. पुढं आदेश उठला आणि कुलूप परत आलं. पण तेवढ्या दिवसांत जगाला एक आकडा दिसला. फोन तोच, डबा तोच, फरक ६०० युरोंचा. बांधून ठेवलेल्या गिऱ्हाइकाची किंमत काय असते, ते कंपनीनंच लेबलवर छापून दाखवलं.

आणि आपल्याकडं? २२ ऑगस्ट २००८ ला व्होडाफोन आणि एअरटेलनं भारतात आयफोन थ्रीजी आणला. आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. अमेरिकेत तोच फोन करारावर १९९ डॉलरला मिळत होता, तेव्हाच्या दरानं नऊ हजारांच्या आत. तिथं कमी पैसे घेऊन कुलूप. इथं रोख ३१ हजार मोजून घेतले आणि तरीही कुलूप! आता सांगा, सवलत कुठं होती?

म्हणून म्हणतो, कुलूप सवलतीसाठी नसतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जाऊ नये म्हणून असतं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. नंबर नेता येतो, पण फोनच दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नसेल तर त्या सोयीचं लोणचं घालायचं का?

कायद्याचं बघू. अमेरिकेत या कुलपाला संरक्षण मिळालं ते कॉपीराइटच्या कायद्याखाली. १९९८ चा कायदा, सिनेमा आणि गाण्यांच्या चोरट्या प्रती रोखायला केलेला. फोनचं कुलूप म्हणजे सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं गुन्हा, असा अर्थ लागला. त्यात दर तीन वर्षांनी सूट द्यायचा अधिकार कोणाकडं? तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडं. चेष्टा नाही, खरंच. २००६ साली सूट मिळाली. २०१२ साली नव्या फोनसाठी ती काढून घेतली. २६ जानेवारी २०१३ पासून, आपण इथं झेंडावंदन करत होतो त्याच दिवसापासून, कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं तिथं बेकायदा ठरलं. हे काम धंदा म्हणून करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद.

तिथले लोक गप्प बसले नाहीत. व्हाइट हाउसकडं १ लाख १४ हजारांवर सह्यांचा अर्ज गेला. मार्च २०१३ मध्ये सरकारनं मान्य केलं की लोकांचं बरोबर आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. फोन मालकानं स्वतः उघडला तरी चालेल, आणि मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी उघडून दिला तरी चालेल.

दुसऱ्या कोणी. म्हणजे टपरीवाल्यानं.

इतर देश याच्याही पुढं गेले. कॅनडात अनलॉकच्या फीपोटी कंपन्यांनी २०१६ या एका वर्षात ३ कोटी ७७ लाख कॅनेडियन डॉलर गोळा केले होते. स्वतःच लावलेलं कुलूप काढायचे पैसे! १ डिसेंबर २०१७ पासून तिथं नवे फोन बिनकुलपाचेच विकायचे आणि जुने फुकट उघडून द्यायचे, असा नियम झाला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक फोन विकायलाच बंदी आहे. दोन्ही देशांत मोबाइल कंपन्या बुडाल्याचं ऐकलंय का कोणी?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट म्हणजे माझी जुनी बातमीच होईल, फक्त उलट्या दिशेची.

एक. चिप ही चांगली वस्तू आहे असं मी म्हणत नाही. कोणी बनवली माहीत नाही असा एक तुकडा तुमच्या सिमच्या आणि फोनच्या मधोमध बसतो. उद्या अपडेट आलं की नेटवर्क जातं. २०११ च्या सुमाराच्या काही चिपांना तर चालू करायला ११२ लावून लगेच कट करावं लागायचं. आणीबाणीचा नंबर असा खेळायला वापरणं चूकच.

दोन. परदेशात हप्त्यावर फोन उचलायचा, हप्ते बुडवायचे आणि फोन इकडं विकायचा, असा धंदा आहे. हे फोनही चिप लावूनच चालतात. ज्याला घोटाळा म्हणायचं तो इथं आहे.

तीन. आपल्याच बाजारात सेकंडहँड फोन विकताना चिप आहे हे सांगत नाहीत. पोरगं हौसेनं वर्षभराची कमाई घालतं आणि महिन्यानं डबा हातात. ही फसवणूक आहे, आणि ती करणारा आपलाच गाववाला असतो.

पण यातलं एकही पाप कुलूप उघडण्याचं नाही. चोरीचं म्हणाल तर फोन चोरीचा आहे का, हे कंपनीचं कुलूप विचारतच नाही. चोरानं त्याच कंपनीचं सिम टाकलं तर वॉचमन सलाम ठोकतो. चोरी पकडायला वेगळा क्रमांक आहे, आयएमईआय. तो फोनचा असतो, सिमचा नव्हे. *#०६# दाबा, दिसेल. फोन हरवला तर त्यावरून ब्लॉक करायची सोय २०२३ च्या मे महिन्यापासून संचारसाथीवर आहे. चोरटे बदलतात तो हा आयएमईआय, आणि त्याला कडक शिक्षा हवीच.

आमची, पोलिसांची आणि त्या व्हॉट्सॲप मेसेजची गल्लत इथंच होते. आयएमईआय बदलणं म्हणजे चोरीच्या गाडीचा चासी नंबर घासणं. सिमची चिप म्हणजे स्वतःच्या गाडीचं अडकलेलं लॉक उघडून घेणं. दोन्ही कामं त्याच दुकानात, त्याच हत्यारांनी होतात, एवढंच काय ते साम्य.

दुर्दैवानं कायदाही हा फरक पुरेसा करत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात 'ओळख क्रमांकाशी छेडछाड' केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण ओळख क्रमांकाची व्याख्या इतकी ऐसपैस की त्यात उपकरणही येतं आणि वापरणारा माणूसही येतो. उद्या एखाद्या साहेबांनी ठरवलं तर चासी नंबर घासणारा आणि लॉक उघडणारा एकाच कलमात बसतील. मेसेज लिहिणारा अगदीच हवेत बोलत नव्हता. म्हणून स्पष्ट सांगतो, चिपा लावत सुटा असं मी म्हणत नाही. कुलूपच लागू नये, म्हणजे चिपही लागणार नाही, हे माझं म्हणणं.

कोणी म्हणेल, आता भारतात लॉक फोन राहिलेत कुठं? सगळे डबल सिम, कोणतंही टाका. बऱ्याच अंशी खरं आहे. पण २०१७ चा जिओफोन आठवा. दीड हजार रुपये अनामत भरून आपल्या गावागावांतल्या म्हाताऱ्यांनी, शेतमजुरांनी घेतला. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. ज्याच्याकडं पर्याय कमी, त्याच्याच नशिबी कुलूप.

आणि नवं कुलूप दारात उभं आहेच. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये एक ॲप टाकून द्यायचं आणि हप्ता चुकला की लांबूनच फोन बंद करायचा. कर्ज थकलं तर फोन लॉक करायची मुभा कंपन्यांना द्यायची का, याचा विचार रिझर्व्ह बँक करत असल्याच्या बातम्या सप्टेंबर २०२५ मध्ये येऊन गेल्या. सिमच्या कुलपात निदान फोन चालायचा, तेवढं एक सिम चालत नव्हतं. इथं सगळंच बंद. आजच्या दिवशी फोन बंद म्हणजे काय? बाजार समितीचा भाव बंद, यूपीआय बंद, बँकेचा ओटीपी बंद. ज्या फोनवरून हप्ता भरायचा तोच बंद करून हप्ता वसूल करणार म्हणे! बैल बांधून ठेवायचा आणि नांगर का चालत नाही म्हणून शेतकऱ्याला विचारायचं.

तेव्हा माझं मागणं एवढंच.

भारतात विकला जाणारा प्रत्येक फोन बिनकुलपाचा असावा. हप्त्यावरच्या फोनला कसलंही कुलूप असेल तर ते बिलावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं आणि शेवटचा हप्ता भरला की आपोआप, फुकट निघावं.

सेकंडहँड फोनात चिप असेल तर विकणाऱ्यानं बिलावर लिहावं. न लिहिल्यास पैसे परत.

मालकानं स्वतःच्या फोनचं नेटवर्कचं कुलूप उघडणं, किंवा उघडून घेणं, हा गुन्हा नाही, असं कायद्यात स्वच्छ शब्दांत यावं.

पोलिसांनी कारागिराला उचलण्याआधी फोनचा आयएमईआय तपासावा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आम्ही पत्रकारांनी प्रेसनोट छापण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. तेही दोन मिनिटांचंच काम आहे. मी ते २०१२ साली केलं नाही.

त्या पोराचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. हवं तर त्यानं ही पोस्ट वाचावी. माफी मी चार कॉलममध्ये मागायला हवी होती, पण त्या पेपरात आता मी नाही आणि फेसबुकवर कॉलम नसतात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, सगळ्यांना उत्तरं देईन. फक्त 'धिंड काढा' वाल्यांनी आधी स्वतःच्या फोनवर *#०६# दाबून बघावं आणि आपण काय बघतोय ते मला सांगावं. मग पुढचं बोलू.